मूठभर पाला, दोन मापे पाणी

१९६९चा जानेवारी. बीजिंगमधल्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीत तू यूयू या ३८ वर्षांच्या संशोधिकेच्या हाती एक गुप्त काम आले. व्हिएतनामच्या जंगलात लढणाऱ्या सैनिकांना हिवताप पोखरत होता आणि क्लोरोक्विन ही एकेकाळची हुकमी गोळी तिथे चालेनाशी झाली होती. उत्तर व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली. २३ मे १९६७ रोजी मोहीम सुरू झाली आणि त्या तारखेवरूनच तिला ‘प्रकल्प ५२३’ हे नाव पडले. सांस्कृतिक क्रांतीचा धुमाकूळ चालू होता. कितीतरी नामवंत शास्त्रज्ञ खेड्यापाड्यांत अंगमेहनतीला धाडले गेले होते. यूयू यांच्याकडे ना डॉक्टरेट होती, ना परदेशातले शिक्षण. पतीची रवानगी दूर झालेली. हैनान बेटावरचे रुग्ण पाहायला निघताना चार वर्षांच्या मुलीला पाळणाघरात ठेवून जावे लागले.

त्यांनी सुरुवात केली ती पोथ्यांपासून. जुने ग्रंथ चाळले, वृद्ध वैद्यांना गाठले, दोन हजार औषधयोग टिपून घेतले. सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० अर्क काढून ते हिवताप झालेल्या उंदरांवर तपासले. त्यात चिंगहाव नावाच्या झुडपाने एकदा चांगला गुण दाखवला. पुन्हा करून पाहिले तर काहीच हाती लागेना. ही वनस्पती म्हणजे जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्या कुळातली. यूयू पुन्हा ग्रंथांकडे वळल्या आणि चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या तातडीच्या उपचारांच्या पुस्तिकेतल्या एका नोंदीशी थबकल्या. मूठभर चिंगहाव दोन मापे पाण्यात भिजवावा, पिळून रस काढावा आणि तो प्यावा, एवढाच तिचा आशय. काढा करा, उकळा, आटवा असे तिथे कुठेच नव्हते.

मग उकळल्यानेच औषधाचा गुण जात असेल तर? त्यांनी पाणी बाजूला ठेवले आणि साधारण ३५ अंशांनाच उकळणाऱ्या इथरमध्ये अर्क काढला. ऑक्टोबर १९७१मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांमधल्या परजीवींवर शंभर टक्के लागू पडला. रुग्णांना देण्याआधी १९७२मध्ये यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेऊन पाहिला. त्यानंतर हैनानमधल्या २१ रुग्णांवर तो वापरला गेला. त्याच वर्षी त्यातला मूळ रेणू वेगळा काढण्यात आला. जग आज त्याला आर्टिमिसिनिन म्हणते.

२०१५मध्ये तू यूयू यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले आणि लगोलग श्रेयाचा वाद सुरू झाला. चीनच्या पंतप्रधानांनी हा पारंपरिक चिनी वैद्यकाचा विजय असल्याचे सांगितले. हा सन्मान पारंपरिक वैद्यकाचा नसून त्यातून प्रेरणा घेऊन शोधलेल्या औषधाचा आहे, असा खुलासा निवड समितीच्या सदस्यांनी केला. एका बाजूला पोथीचा अभिमान, दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेचा. दोघांनीही यूयू यांच्या कामाचा अर्धाच भाग उचलला. पोथी नसती तर दोनशे वनस्पतींच्या गर्दीत चिंगहाव बाजूला पडला असता. उंदीर, इथर आणि २१ रुग्णांच्या नोंदी नसत्या, तर गे होंग यांची ओळ आणखी सोळाशे वर्षे तशीच कपाटात राहिली असती.

पौर्वात्य वैद्यक आणि पाश्चात्त्य वैद्यक अशी तुलना करताना सगळ्यांत मोठी चूक होते ती इथे. तपासून पाहणे हा पश्चिमेचा स्वभाव आणि जपून ठेवणे हा पूर्वेचा, असे गृहीत धरले जाते. चीनचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. चिनी वैद्यकाला सर्वांत कठोर प्रश्न चिनी माणसांनीच विचारले, आणि त्या वैद्यकातून जगाला जे काही मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातून मिळाले.

दोन पद्धतींच्या नजरेत फरक आहे, हे मात्र खरे. चिनी वैद्य रुग्णाच्या दोन्ही मनगटांवर तीन तीन ठिकाणी बोटे ठेवून नाडी बघतो, जीभ बाहेर काढायला लावून तिचा रंग आणि थर निरखतो, झोप, भूक, घाम, शौच, मनःस्थिती यांची चौकशी करतो. शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहते, यिन आणि यांग यांचा तोल ढळला की आजार होतो, ही त्याची धारणा. त्यामुळे डोके दुखते म्हणून आलेल्या दोघांना तो दोन वेगळी औषधे देऊ शकतो आणि वेगवेगळ्या तक्रारी घेऊन आलेल्या दोघांना एकच. आधुनिक डॉक्टर दुखण्याचा ठाव शोधतो. कोणता अवयव, कोणता जंतू, रक्तातला कोणता आकडा? दोघांचे डोके एकाच कारणाने दुखत असेल तर औषध सहसा एकच असते.

मराठी वाचकाला यातली पहिली भाषा परकी नाही. आंबा उष्ण, ताक थंड, हे कुणी पुस्तकात वाचून शिकत नाही. चीनमध्ये बाळंतिणीने महिनाभर घरात राहावे, गार पाण्याला हात लावू नये, वाऱ्यात जाऊ नये आणि आले घातलेले गरम सूप प्यावे असा रिवाज आहे. ‘महिना बसणे’ असेच त्याला म्हणतात. शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि कानाला बांधलेला रुमाल ज्या घरात असतो, त्या घरातल्या आजीला शांघायच्या आजीची काळजी दुभाष्याशिवाय समजेल. आजार होण्याआधीच त्याच्यावर उपचार करणारा तो श्रेष्ठ वैद्य, हा विचार चिनी वैद्यकाच्या दोन हजार वर्षे जुन्या मूळ ग्रंथात आहे. पथ्य, ऋतुचर्या आणि माणसाकडे पूर्ण माणूस म्हणून पाहणे ही त्या परंपरेची खरी कमाई आहे.

आणि आधुनिक म्हणवणारे वैद्यक सव्वादोनशे वर्षांपूर्वी काय करत होते? डिसेंबर १७९९मध्ये अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या आजाराने अंथरुणाला खिळले. नामांकित डॉक्टरांनी काही तासांत त्यांच्या शरीरातून दोन लिटरहून अधिक रक्त काढले आणि त्याच दिवशी ते वारले. रक्तमोक्षणाला युरोपात दीड-दोन हजार वर्षांची परंपरा होती, थोर ग्रंथांचा आधार होता, मोठमोठ्या नावांची साक्ष होती. पॅरिसच्या पिएर लुई या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूमोनियाचे रुग्ण मोजायला घेतले. कुणाचे रक्त कधी काढले, कोण जगले, कोण गेले, हे त्याने तक्त्यात मांडले आणि रक्तमोक्षणाच्या कीर्तीला ओहोटी लागली. युरोपच्या वैद्यकाची प्रगती तिथून पुढची आहे. ती युरोपीय रक्तातून आलेली नाही. स्वतःच्या आवडत्या उपचारावर संशय घेण्याची तयारी झाली तेव्हा ती आली.

देवीच्या लसीची गोष्ट तर पूर्व-पश्चिमेची भिंतच पाडून टाकते. देवीच्या खपल्या वाळवून त्यांची पूड निरोगी मुलाच्या नाकात फुंकण्याची पद्धत चीनमध्ये सोळाव्या शतकापासून नोंदलेली आहे. हलकासा आजार येई आणि पुढे संरक्षण मिळे. लहानपणी देवीतून वाचलेल्या कांगशी सम्राटाने आपल्या घरातल्या मुलांना असे टोचून घेतले होते. भारतात आणि तुर्कस्तानातही टोचण्याच्या अशा रीती होत्या. तुर्कस्तानातून ही रीत अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडला पोहोचली. एडवर्ड जेनरने १७९६मध्ये जिवंत देवीऐवजी गोस्तनदेवी वापरून ती सुरक्षित केली. १९८०मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. या साखळीतला कुठला दुवा पूर्वेचा आणि कुठला पश्चिमेचा, हे सांगता येते. पण एखादा काढून टाकता येत नाही.

चीनला आधुनिक वैद्यकाची गरज पटली ती १९१०च्या हिवाळ्यात. मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ पसरली. हार्बिन शहरात माणसे खोकत खोकत दोन-तीन दिवसांत मरत होती. सरकारने पेनांगमध्ये जन्मलेल्या आणि केंब्रिजला शिकलेल्या वू लिएन-त या ३१ वर्षांच्या डॉक्टरला तिकडे पाठवले. हा प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे नव्हे, तर श्वासातून पसरतो आहे, असा निष्कर्ष त्याने काढला आणि कापूस भरलेल्या जाळीच्या कापडाचा मुखपट्टा सर्वांनी बांधावा असा आग्रह धरला. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरने या तरुण चिनी माणसाचे म्हणणे धुडकावले, मुखपट्टा न लावता रुग्ण तपासले आणि तो काही दिवसांत प्लेगने गेला. नाडी पाहून औषध देणारे पारंपरिक वैद्यही त्या साथीत बळी पडले. सुमारे साठ हजार माणसे मेली. वू यांनी बादशाही परवानगी मिळवून गोठलेल्या जमिनीवर साचलेली दोन हजारांहून अधिक प्रेते जाळवली, प्रवासावर निर्बंध आणले आणि काही आठवड्यांत साथ आटोक्यात आली. १८९६मध्ये मुंबईला आलेला प्लेग याच जागतिक साथीचा एक भाग होता, आणि त्याची लस हाफकिन यांनी मुंबईतच तयार केली होती.

हार्बिनमध्ये युरोपीय डॉक्टर चुकला आणि चिनी डॉक्टर बरोबर ठरला. त्याचे कारण दोघांचा वंश किंवा ग्रंथ नव्हते. एकाने समोरच्या मृत्यूंचा माग काढला, दुसऱ्याने आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीवर विसंबून राहणे पसंत केले.

पुढच्या पिढीने परंपरेवर उघड राग काढला. लू शुन हा आधुनिक चीनचा सर्वांत मोठा लेखक. त्याच्या वडिलांच्या आजारात वैद्यांनी महागडी आणि दुर्मीळ औषधे लिहून दिली. त्यात पहिल्यापासून एकत्र राहिलेली रातकिड्यांची जोडीसुद्धा होती. वडील गेले, घर कंगाल झाले आणि मुलगा वैद्यकाचे शिक्षण घ्यायला जपानला गेला. १९२९मध्ये तर सरकारच्या आरोग्य परिषदेत पारंपरिक वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव आला. त्याविरुद्ध देशभरचे वैद्य १७ मार्चला शांघायमध्ये जमले आणि ठराव बारगळला. कम्युनिस्ट राजवट आली तेव्हा पन्नास कोटींहून जास्त लोकांना पुरतील एवढे आधुनिक डॉक्टर चीनकडे नव्हते, वैद्य मात्र लाखांनी होते. माओंनी परंपरेला राष्ट्राचा खजिना ठरवले, तिच्या शाळा, महाविद्यालये, रुग्णालये उभी केली. जगभर आज जे चिनी वैद्यक म्हणून शिकवले जाते, त्याची सुबक मांडणी बरीचशी त्या १९५०च्या दशकातली आहे.

पश्चिमेत चिनी उपचारांची लाट उसळली ती एका अपेंडिक्समुळे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन जुलै १९७१मध्ये बीजिंगमध्ये आजारी पडले. अपेंडिक्स काढण्याची शस्त्रक्रिया नेहमीची भूल देऊन, नेहमीच्या पद्धतीने झाली. दुसऱ्या रात्री पोट फुगून त्रास होऊ लागला तेव्हा त्यांच्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या गेल्या आणि आराम पडला. रेस्टन यांनी हे सरळ लिहिले. सांगोवांगी मात्र कथा बदलली: भूल न देता, नुसत्या सुयांवर शस्त्रक्रिया झाली, असेच लोक सांगू लागले.

सुया खरेच चालतात का? याचे सर्वांत बोलके उत्तर जर्मनीतून आले. २००७मध्ये तिथे जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला बिंदू नसलेल्या जागी वरवर टोचल्या, तिसऱ्याला औषधे आणि व्यायाम असा नेहमीचा उपचार दिला. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के, दुसऱ्यातल्या ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातल्या २७.४ टक्के रुग्णांना फरक जाणवला.

हे आकडे दोन्ही पक्षांना अडचणीत टाकतात, म्हणूनच ते मोलाचे आहेत. सुई कुठे टोचली याने फारसा फरक पडत नसेल, तर शरीरावरच्या शेकडो बिंदूंच्या आणि वाहिन्यांच्या नकाशाला या चाचणीत आधार मिळत नाही. पण खोट्या सुयांनीही नेहमीच्या उपचारापेक्षा कितीतरी जास्त रुग्णांना बरे वाटत असेल, तर आधुनिक दवाखान्यात काहीतरी कमी पडते आहे. त्या रुग्णांना अर्ध्या अर्ध्या तासाची दहा सत्रे मिळाली होती. कुणीतरी त्यांना झोपवले, स्पर्श केला, वेळ दिला. जगातली जवळपास अर्धी लोकसंख्या अशा देशांत राहते, जिथे प्राथमिक उपचार देणारा डॉक्टर रुग्णाला सरासरी पाच मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ देतो. भारत आणि चीन दोन्ही त्यात आहेत. दुखणे जुनाट असेल तर पाच मिनिटांत ते सांगूनही होत नाही.

सुयांची विद्या भारतात आणण्यातही एका जुन्या मैत्रीचा वाटा आहे. १९३८मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे विजयकुमार बसूही होते. कोटणीसांनी रणभूमीवर जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच देह ठेवला. बसू पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात ते सुरू केले. पुढे महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला, परिषद नेमली. केंद्र सरकारने २०१९मध्ये या उपचाराला मान्यता दिली. मान्यतेचे स्वागत करताना जर्मनीचे आकडेही रुग्णाच्या हाती पडायला हवेत. कंबरदुखी, गुडघेदुखी यांत आराम मिळू शकतो, हे सांगणे वेगळे. मधुमेह किंवा कर्करोग सुयांनी बरा होतो असे सांगणे हा रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

परंपरा आणि कसोटी एकत्र आल्या की काय घडते, याचे आर्टिमिसिनिनइतकेच मोठे दुसरे उदाहरण हार्बिनचेच आहे. १९७१मध्ये तिथल्या चांग तिंगतोंग या डॉक्टरच्या कानावर आले की खेड्यातला एक वैद्य कर्करोगावर काही औषध देतो. त्यात तीन गोष्टी होत्या: सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाच्या कातडीतले विष. सोमल म्हणजे मराठी घरांतही दरारा असलेले ते विष, आर्सेनिक. चांग यांनी तिन्ही घटक वेगवेगळे करून पाहिले. भेकाचे विष आणि पारा काढून टाकला, सोमल ठेवला आणि तो काटेकोर मात्रेत शिरेतून दिला. रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगात, अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, तो आश्चर्यकारक लागू पडला. हा कर्करोग त्या काळी सर्वांत वेगाने जीव घेणाऱ्यांपैकी होता. रुग्ण रक्तस्राव होऊन दगावत. इकडे शांघायमध्ये वांग चन-यी यांनी अ जीवनसत्त्वाच्या कुळातले एक आम्ल याच आजारात वापरले आणि १९८८मध्ये २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला.

पुढे दोन्ही औषधे एकत्र आली. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटली आणि जर्मनीतल्या चाचणीत या जोडीवर असलेले ९७ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतरही रोग न उलटता जगत होते. केमोथेरपी घेणाऱ्या गटात हे प्रमाण ८६ टक्के होते. खेड्यातल्या वैद्याचे श्रेय यात आहेच. पण त्याचे औषध जसेच्या तसे डोक्यावर घेतले असते, तर रुग्णाच्या पोटात पारा आणि भेकाचे विषही गेले असते. चांग यांनी परंपरेला दिलेला खरा मान म्हणजे ते औषध त्यांनी उलगडून पाहिले.

न उलगडता घेतले की काय होते, ते ब्रुसेल्सने पाहिले. १९९०नंतर तिथल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात चिनी वनौषधी मिसळलेल्या गोळ्या दिल्या जाऊ लागल्या. थोड्याच काळात तरुण, धडधाकट बायकांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली; शंभराहून अधिक जणींना हा विकार जडला. कित्येकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपणापर्यंत जावे लागले, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. चिनी नावातल्या साम्यामुळे एका वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली दुसरी आली होती. याच कुळातली ईश्वरी नावाची वेल भारतातही औषधी मानली जाते. या कुळातल्या वनस्पती शतकानुशतके औषधांत वापरल्या जात होत्या. मग इतक्या पिढ्यांच्या अनुभवी वैद्यांना हे कळले कसे नाही? कारण विष आज पोटात जाते आणि मूत्रपिंड महिन्यांनी, कर्करोग वर्षांनी उमटतो. एका वैद्याच्या स्मरणात हा धागा जुळत नाही; तो हजारो रुग्णांच्या नोंदींतच जुळतो. ‘हजारो वर्षे वापरात आहे, म्हणजे निर्धोक आहे’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे.

आधुनिक औषधांनीही अनर्थ केले आहेत. थॅलिडोमाइड हे गर्भवतींना मळमळीसाठी दिलेले औषध. १९५७ ते १९६१ या काळात त्याच्यामुळे जगभरात हजारो मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्माला आली. पण त्या धक्क्यानंतर अमेरिकेने १९६२मध्ये कायदा कडक केला आणि परिणाम सिद्ध केल्याशिवाय औषध बाजारात आणणे बंद केले. चीनचा प्रवास अलीकडे उलट दिशेने झाला. २०१७मध्ये लागू झालेल्या पारंपरिक वैद्यक कायद्याने प्राचीन ग्रंथांतल्या ठरावीक योगांना माणसांवरच्या चाचण्यांपासून सूट देण्याची वाट उघडली. भारतातही ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला परवाना घेताना अशी चाचणी सक्तीची नाही. ग्रंथात आहे हाच पुरावा, ही दोन्ही देशांची भूमिका. तू यूयू यांनी ती मानली असती तर चिंगहावाचा उकळलेला, निकामी काढाच हिवतापाच्या रुग्णांना मिळत राहिला असता.

याची किंमत माणसांपुरती राहत नाही. खवल्या मांजराच्या खवल्यांत औषधी गुण असल्याच्या समजुतीने आशिया आणि आफ्रिकेतली जंगले ओरबाडली गेली. कोकणातही त्यांची तस्करी पकडली गेली आहे आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेला रत्नागिरी जिल्ह्यात त्यांच्या रक्षणासाठी काम उभारावे लागले. हे खवले म्हणजे केराटिन, माणसाच्या नखात असते तेच. चीनने २०२०च्या अधिकृत औषधसूचीतून ते अखेर वगळले. चिनी वैद्यक त्यामुळे काही गरीब झाले नाही.

चिनी संशोधक आजही कसोटीला भीत नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. विंचू, गोम, जळू अशा घटकांपासून बनवलेले थुंगशिनल्वो नावाचे औषध त्यांनी हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानंतर ३,७०० हून अधिक रुग्णांवर तपासले. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय कॅप्सूल. कुणाला काय मिळाले हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. २०२३मध्ये निष्कर्ष आले: ३० दिवसांत हृदय आणि मेंदूशी निगडित गंभीर घटना औषध घेणाऱ्यांत ३.४ टक्के, न घेणाऱ्यांत ५.२ टक्के. अन्य देशांत हीच चाचणी पुन्हा व्हायला हवी आणि मगच त्यावर विसंबावे. पण प्रश्न मांडण्याची रीत हीच.

आरोग्य म्हणजे केवळ औषधही नव्हे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात चीनने शेतकऱ्यांच्या मुलामुलींना काही महिन्यांचे शिक्षण देऊन ‘अनवाणी डॉक्टर’ म्हणून गावोगावी नेमले. त्यांच्या पिशवीत सुया होत्या, वनौषधी होत्या, लसी आणि प्रतिजैविकेही होती. विहीर स्वच्छ ठेवणे, संडास बांधणे, बाळंतपण जंतुविरहित करणे ही त्यांची कामे. जामखेडला १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या बनवून हेच तत्त्व स्वतंत्रपणे सिद्ध केले. आजार होण्याआधी उपचार करण्याचा तो जुना चिनी विचार इथे खऱ्या अर्थाने उतरला. त्याच चीनमध्ये आज तीस कोटींहून अधिक लोक धूम्रपान करतात. त्या विचाराची सर्वांत मोठी परीक्षा वनौषधींच्या दुकानात नव्हे, तिथे आहे.

महाराष्ट्रातही हा वाद ‘आयुर्वेद की अ‍ॅलोपॅथी’ या नावाने घरोघरी चालतो आणि बहुधा निष्ठेच्या प्रश्नावर येऊन संपतो. तो निष्ठेचा प्रश्न नाही. ग्रंथोक्त असो वा नवे, प्रत्येक औषधाची मोजून परीक्षा व्हावी. डब्यावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि जड धातूंच्या तपासणीचा निकाल छापलेला असावा. वैद्य, होमिओपॅथ, डॉक्टर सगळ्यांनी दुष्परिणामांची नोंद एकाच ठिकाणी करावी. आणि सरकारी दवाखान्यात इतके डॉक्टर असावेत की जुनाट दुखण्याच्या रुग्णाला बसवून त्याचे ऐकून घेता येईल. यातली शेवटची गोष्ट परंपरेकडून शिकायची आहे, आधीच्या तीन परंपरेने शिकायच्या आहेत.

गडचिरोली हा महाराष्ट्रातला हिवतापाचा मोठा भार वाहणारा जिल्हा. भामरागड, एटापल्लीच्या पाड्यांवर पावसाळ्यात ताप आला की आशाताई रुग्णाच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर घेते. पंधरा-वीस मिनिटांत फॅल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीची रेघ उमटली, तर ती तीन दिवसांच्या आर्टिमिसिनिनयुक्त गोळ्या सुरू करते. कंबोडियाच्या सीमेवर काही परजीवी आता या औषधालाही सावकाश दाद देऊ लागले आहेत. म्हणून ते एकट्याने दिले जात नाही. सोबत दुसरे औषध असते आणि गुण किती दिवसांत येतो यावर सतत लक्ष ठेवले जाते. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल खेळायला लागते आणि आई उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी ठेवून द्यायला बघते. तेव्हा आशाताई पुन्हा पाड्यावर येते आणि तिसऱ्या दिवसाचीही गोळी आपल्यासमोर गिळायला लावते.